पाहुण्यांची फर्माईश

पहिल्याच घासाला गिरिजाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पदरानं टिपून त्या म्हणाल्या, "छान झालीय हं भाजी." शेजारी त्यांचा मुलगा शिवकुमार बसला होता. त्याचे कान लाल झाले होते. स्वतःचा तांब्या संपवून तो आता आईच्या तांब्याकडे बघत होता.

वाढणाऱ्या नीलम्मांनी घाईनं त्याचा तांब्या पुन्हा भरला. मायलेक पुण्याहून कोल्हापूरला त्यांच्या मुलीला, सौंदर्याला, बघायला आले होते. आणि सौंदर्याच्या मनात हा मुलगा आधीच भरला होता. शिरोळच्या एका लग्नात तिनं त्याला पाहिलं होतं. वाढपी कमी पडले, तेव्हा हा पठ्ठ्या बाह्या सरसावून पंगतीत आमटी वाढत सुटला होता. त्यानंतर आलेल्या प्रत्येक स्थळात तिनं खोट काढली. एकाचं नाक आवडलं नाही, एकाचं गाव. आईला काय ते कळलं होतं. आज हे जमलं नाही तर पोरगी उघड रडणारही नाही, आणि त्याचीच नीलम्मांना धास्ती होती.

मध्यस्थ बाळासो. नीलम्मांच्या नवऱ्याचे, शंकरप्पांचे, गुळाच्या अडतीवरचे जुने दोस्त. त्यांचा आवाज मोठा आणि मन त्याहून मोठं. गेल्या वर्षी त्यांची बायको मरणाच्या दारातून परत आली, म्हणून जोतिबाला बोललेला नवस फेडायला त्यांनी मटण कायमचं सोडलं होतं. कोल्हापुरात राहून मटण सोडणं हे काही येरागबाळ्याचं काम नव्हे. त्यात घरात बायकोचं पथ्य, म्हणजे रोज दुधी नाहीतर पडवळ. तरी गड्यानं नवस मोडला नाही.

मोबाईल अजून यायचे होते. दोन्ही घरचे निरोप बाळासोंच्याच तोंडून यायचे-जायचे. त्यांनीच येऊन सांगितलं होतं, "वैनी, पावण्यांस्नी व्हेज कोल्हापुरी पायजे. झणझणीत पायजे. मागनं मला बोल लावू नगासा."

नीलम्मांचा सगळा जन्म कोल्हापुरात गेला होता, पण या नावाची भाजी त्यांनी कधी केली नव्हती. लिंगायताचं घर, पिढ्यान्‌पिढ्या मांसाला न शिवलेलं. पूर्वी भाकरीबरोबर खर्डा तरी असायचा. शंकरप्पांना अल्सर झाला आणि तोही गेला. तेव्हापासून त्या घरात ढोबळी मिरचीसुद्धा भीतभीतच यायची. शेवटी नीलम्मा मागच्या दारानं शेजारच्या सुगराकडे गेल्या.

"सोप्पं हाय की, आक्का," सुगरा म्हणाली. "आमचा तांबडा रस्सा करायचा. मटण तेवढं घालायचं न्हाय."

"मग घालायचं काय?"

"फ्लावर घाला, वाटाणा घाला. रस्सा झाल्यावर भाजीला कोण इचारतंय?"

भाज्या नीलम्मांच्या मनानं पडल्या. मिरची मात्र सुगराच्या हातानं पडली.

आणि आता ते लालभडक संकट सगळ्यांच्या वाटीत उतरलं होतं. पाहुण्यांचे हात पाण्याकडेच जात होते. फक्त बाळासो मान खाली घालून भाकरी चुरत होते.

यजमानानं हात आखडता घेतला तर पाहुण्यांना काय वाटेल, म्हणून शंकरप्पांनी रश्शाची वाटी उचलली. स्वयंपाकघराच्या दारातून सौंदर्यानं ते पाहिलं. डॉक्टरांनी केवढं बजावून सांगितलं होतं! ती क्षणभर घुटमळली. मग सरळ बाहेर आली, वडिलांच्या हातातली वाटी काढून घेतली आणि त्यांच्यापुरता ठेवलेला दहीभात पातेल्यासकट पुढ्यात ठेवला.

"अप्पा, तुमी हे न्हाय खायाचं."

नीलम्मांनी मनातल्या मनात हात जोडले. संपलं. पाहुण्यांना जाळ वाढायचा आणि घरच्यांनी दहीभात खायचा! असल्या घरची मुलगी कोण करून घेईल? सौंदर्यालाही ते कळलं. तिचेही डोळे भरले, आणि तिनं तर अजून भाजीला हातही लावला नव्हता.

गिरिजाबाई त्या पातेल्याकडे बघत होत्या.

"सौंदर्या," त्या हळूच म्हणाल्या, "त्यातला थोडा मला वाढतेस, बाळा?"

"मलाही," शिवकुमार म्हणाला. घरात पाऊल टाकल्यापासूनचा हा त्याचा पहिला शब्द.

पातेलं बघता बघता रिकामं झालं. पोटात गार पडल्यावर गिरिजाबाईंना कंठ फुटला. "अहो, आमच्याकडे आमटीला सुद्धा साखर लागते. येताना हा वाटभर म्हणत होता, 'आई, शिरोळला पाहिल्यापासून मला मुलगी पसंत आहे, पण ती आपल्या घरात जेवणार काय?' आता ती काळजी मिटली. हिला दहीभात येतो ना, झालं तर. मला दुसरं काही बघायचं नाही."

सौंदर्या पळत आत गेली. नीलम्मांनी हातातली पळी खाली ठेवली. एवढं हलकं त्यांना कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. त्या हसू लागल्या, आणि हसता हसता एकदम थांबल्या.

"पण व्हेज कोल्हापुरी पायजे म्हणून तुमीच सांगून धाडलासा न्हवं?"

"आम्ही? छे हो! आम्हाला तर निरोप होता, तुमच्याकडे हीच भाजी असते आणि वाटीत टाकलेली चालत नाही."

सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळल्या.

बाळासोंची वाटी धुतल्यासारखी लख्ख झाली होती. कपाळावरून घाम ओघळत होता आणि चेहऱ्यावर वर्षभराचा उपास सुटल्याचं समाधान होतं.

"देवाला मटण सोडतो म्हटलंया, वैनी," वाटी पुढं करत ते म्हणाले, "रस्सा सोडतो म्हटलं न्हाय. वाढा की!"