भूर

पाणीमहालाच्या पायऱ्या उतरताना सुगतनं दोन्ही हात छातीशी घट्ट धरले होते. हातांत एक चप्पल होती. बायकांची, तपकिरी, डाव्या पायाची.

"ती पिशवीत टाक की गं," घरमालकीण शिवम्माकाकू मागून म्हणाल्या. "लेकराचा हात धरशील का चपलीचा?"

"देत नाही, काकू. घेतली की रडतो." संघप्रियानं त्याला दंडाला धरून एक पायरी खाली घेतलं. "गेल्या रविवारपासून हेच धरून बसलाय. माझ्या आईची आहे ती. सामानाबरोबर आली, मी दाराशी ठेवली."

आत अंधार होता. भिंतींना ओल होती. समोरच्या खिडकीबाहेर धरणाचं सगळं पाणी कोसळत होतं आणि पोरं मोबाइल उंच धरून ओरडत होती. हे त्याला आवडेल, असं संघप्रियाला वाटलं. बदली होऊन धाराशिवला आल्यापासून तो नीट हसला नव्हता. बाग झाली, रेल्वे स्टेशन झालं, हातलाईचा डोंगर झाला. मोबाइलवर शोधून शोधून ती दर रविवारी नवं ठिकाण काढत होती. आज नळदुर्गचा किल्ला.

सुगतनं पाण्याकडं पाहिलंच नाही. तो माणसांमधून वाट काढत गेला. भिंतीला टेकून बसलेल्या दोन म्हाताऱ्यांसमोर थांबला आणि मान वाकडी करून त्यांच्या पदराआडचे चेहरे बघितले. एकीनं त्याचा गाल ओढला. तो कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आला.

"इथं न्हाय," तो म्हणाला. न्हाय त्यानं काकूंकडून उचललं होतं.

"काय नाही? पाणी बघ ना, केवढं आहे."

"इथं न्हाय. दुसरं भूर."

काकू हसल्या. "लई चोखंदळ हाय तुझं पोरगं. हैदराबादवरनं माणसं येत्यात हे बघाया, आन् ह्याला पसंत न्हाय. आता ह्याला दिल्लीच दाखव."

तिघं वर आली. बांधावर कठड्याशी सावली होती, तिथं बसली. खाली पाण्याची धार पांढरी फुटत होती. संघप्रियानं भिजलेल्या चपला काढून उन्हात ठेवल्या.

"मला कळतच नाही, काकू. बागेत घसरगुंडीला हात लावला नाही. स्टेशनवर गाडी आली, तर गाडी न बघता उतरणारी माणसं बघत बसला. गाडी सुटल्यावर रडला. घरी असलं की दारात उभा राहून भूर, भूर. आणि भूर आणलं की हे असं."

काकूंनी पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढून त्याच्यापुढं धरला. घ्यायला हात मोकळा नव्हता. त्यानं नुसतं तोंड उघडलं.

"काय हुडकतूस रं राजा?" भरवता भरवता त्यांनी विचारलं.

"आजी."

"आजी कुठं गेली?"

"भूर," तो म्हणाला. मग चप्पल वर करून दाखवली. "चप्पल न्हाय घातली."

काकूंचा हात तसाच राहिला. त्यांनी संघप्रियाकडं पाहिलं.

"तू सांगितलंस ह्याला असं?"

तिनं सांगितलं होतं. घर माणसांनी भरलं होतं आणि तो पदर ओढून विचारत होता. देवाघरी गेली, असं शेजारची कुणीतरी सांगू लागली होती. पण घरात बुद्धाची तसबीर होती, देव नव्हते. देवाघरी हा शब्द आईनं कधी घरात येऊ दिला नव्हता. निदान त्या दिवशी तरी आईचं ऐकावं, म्हणून संघप्रिया पटकन म्हणाली होती, आजी भूर गेली. त्याला ते लगेच पटलं होतं. चप्पल घातल्याशिवाय भूर जायचं नाही, हेही तिनंच शिकवलं होतं.

"सांगून टाक, पोरी," काकू हळू म्हणाल्या. "न्हाय तर जलमभर हुडकत बसंल."

तिनं मनातल्या मनात शब्द लावून पाहिले. गेली. सोडून गेली. निघून गेली. सगळ्यांना ती तेच सांगत आली होती, फोनवरही, ऑफिसातही. इतकी पुस्तकं वाचून हाताशी आले ते सगळे जाण्याचेच शब्द. कुठं, असं तो विचारणारच. वारली त्याला कळणार नव्हतं. एक शब्द उरत होता. तो तिनं अजून एकदाही उच्चारला नव्हता.

"सुगत," ती म्हणाली. "आजी मेली."

काकूंनी मान वळवली.

सुगत तिच्या तोंडाकडं बघत राहिला. वाक्य अर्धंच झालंय असं त्याला वाटलं असावं.

"भूर न्हाय?"

"नाही."

"घरी?"

"घरी पण नाही."

तोंडातला लाडू चावायचा तो थांबला होता. मग तो खाली बसला आणि चप्पल तिच्या अनवाणी पायाजवळ ठेवली. उलटी होती, ती सुलटी केली.

"मग तू घाल."

"एकच?"

"दुसरी घरी हाय."

तिनं पाय आत सरकवला. आईच्या अंगठ्यानं पाडलेला खळगा पायाला लागला. तिचा अंगठा त्याच्या जरा अलीकडंच राहिला.

सुगतचे हात आता मोकळे होते. त्यानं कठड्याचे गज दोन्ही हातांनी धरले आणि खाली वाकून पाहिलं.

"आई," तो म्हणाला, "पाणी."