गुण आला

लिफ्टची देखभाल हा माझा व्यवसाय असून भीती हा माझा जुना विकार होता. एकदा तपासलेली लिफ्ट पुन्हा तपासल्यावाचून माझ्या जिवाला स्वस्थता लाभत नसे. अर्ध्या ताटावरून उठून मी गच्चीवरच्या यंत्रखोलीकडे धाव घेत असे. "आमचे जावईबापू झोपेतसुद्धा नटबोल्ट आवळतात," असे सासूबाई चारचौघांत सांगत. पुढे उदासीही अशी जडली की अंथरूण सोडवेना. तेव्हा डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या.

गोळ्यांचा गुण उत्तम आला. रडू थांबले, झोप लागू लागली. हसूही येईनासे झाले, परंतु त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. "आता कसे माणसात आलात," असे पत्नी समाधानाने म्हणाली.

आज सकाळी मी आमच्याच इमारतीच्या यंत्रखोलीत गेलो. लिफ्टच्या दोरांचे पेड तुटून पिंजारलेले मला स्पष्ट दिसले. लिफ्ट तत्क्षणी बंद करावयास हवी, हे ज्ञान मला पूर्णपणे होते. मात्र छातीत काहीच हलले नाही. दिवा मालवून मी शांतपणे त्याच लिफ्टने खाली उतरलो.

फाटकापाशी पोहोचलो तोच सातव्या मजल्यावरील आमच्या घरून पत्नीचा फोन आला. "अहो, खालीच थांबा. छकुलीला शाळेत सोडायचंय, दोघी लिफ्टने येतोय."



"ये सावकाश," असे मी उत्तर दिले.