ऐतवारची गवार

वैशाखात चिंचवडच्या साऱ्या विहिरींनी तळ गाठला, तरी कंपनीच्या भिंतीलगत तात्याबाच्या रानात ओहळ झुळझुळत होता आणि गवार हिरवीगार डोलत होती. खंडोबा आपल्यालाच पावला, असं गावभर सांगत तात्याबा दर ऐतवारी त्या ओहळाला नारळ फोडायचा.

नांगर सोडून त्याच कंपनीत पंपावर लागलेल्या मुरारीशी, पोटच्या पोराशी, तो दोन वर्षं धड बोलला नव्हता. कुशाबाईनं हट्टानं लेकाचं ऐतवारचं जेवण तेवढं घरी ठेवलं होतं. पाळी सकाळची असली तर सांजेला, नाहीतर दुपारी. उन्हाळ्यात दुसरी भाजी कुठली? गवार, भाकरी आणि वर तात्याबाचे टोमणे.

त्या ऐतवारी सून मुरारीला दुसऱ्यांदा गवार वाढायला वाकली, तसं तात्याबानं तिच्या हातचं भांडंच ओढून घेतलं.

"माझ्या रानातली भाजी हाय ही! कंपनीच्या गड्यानं कंपनीचं खावं. फुडल्या ऐतवारी ह्या घराची पायरी चढायची न्हाई!"

कुशाबाई मधे पडायला उठली, पण मुरारीनं अर्ध्या ताटातच हात धुतला होता. बायकोला घेऊन तो उंबऱ्यापर्यंत गेला आणि मागं वळला.



"बरं, आबा. मग उद्यापासनं टाकी भरली की लगेच पंप बंद करतो, तुमच्या रानात थेंब सांडायचा न्हाई. तुमी नारळ फोडत ऱ्हावा."