एकच अर्ज

“एकच अर्ज?” मार्गो डेलानीने चष्मा कपाळावर सरकवला. “अगं, बाकीची पोरं साठ-साठ जजांना अर्ज पाठवतायत. अलास्कासुद्धा सोडत नाहीयेत. आणि तू वर्गात पहिली येणारी, तू एकच?”

“एकच,” रेनाटा क्विगली म्हणाली. “जज प्रेस्कॉट.”

मार्गो खुलली. खुलणारच. ओहायोतल्या आमच्या त्या छोट्या लॉ कॉलेजात मुलांना फेडरल जजांकडे लावून द्यायचं काम तिचं. म्हणायला क्लार्क, पण जजच्या हाताखाली वर्षभर निकालांचे मसुदे लिहून आलेल्या पोराला पुढे मोठ्या फर्म पायघड्या घालतात. असल्या जागा नामांकित विद्यापीठांची पोरं घाऊक पळवतात. आमच्या वाट्याला हक्काची म्हणावी अशी एकच. जज हॅडली प्रेस्कॉट दर वर्षी इथलं एक पोर घ्यायचे. ती जागा मार्गोने तळहातावरच्या फोडासारखी जपली होती. नाताळात जजसाहेबांकडून पेकनच्या वड्यांचा डबा यायचा, तो आल्यागेल्याला दाखवून झाल्यावरच ती उघडायची.

“तरी पण वॉशिंग्टनला टाक की एखादा. तुला डोळे झाकून घेतील.”

“नको. दुसरीकडे कुठे टाकायचाच नाही मला.”

“जोसी काही बोलली का तुझ्याशी?” मार्गोने जरा सावधपणे विचारलं. आदल्या वर्षी प्रेस्कॉटांकडे पाठवलेली ती जोसी टार्केन्टन. कॉलेजात असताना ती आणि रेनाटा एकाच खोलीत राहायच्या. वर्ष अर्ध्यावर टाकून ती घरी परतली आणि आता मामाच्या दुकानात कोंबड्यांचं खाद्य विकते. वकिलीचं नाव काढत नाही.

“जोसी हल्ली फार बोलत नाही.”

“नाजूकच होती ती. जजसाहेब कडक आहेत, अंगावर येतात कधीकधी. पण शिकायला खूप मिळतं बघ.” हे वाक्य मार्गो दर वर्षी म्हणायची. “आणि एक ध्यानात ठेव. जजने जागा देऊ केली की तिथल्या तिथे हो म्हणायचं. विचार करून सांगते, घरी विचारते, असली थेरं तिथे चालत नाहीत. पलीकडच्या एका कॉलेजातल्या पोराने हा शहाणपणा केला होता. त्या जजने त्या कॉलेजचा अर्ज पुन्हा हातात धरला नाही.”

“माहितीय. पहिल्या वर्षापासून तुमच्या तोंडून ऐकतेय.”

अर्ज गेला. सोबत मार्गोने स्वतः फोन करून शब्दही टाकला. रेनाटा मुलाखतीला गेली ती मार्गोचाच काळा कोट घालून, कारण तिच्याकडे बरा कोट नव्हता.

आठवडाभरात जजसाहेबांचा फोन आला, पण मार्गोला. तो आवाज शेजारच्या खोलीत बसलेल्या आम्हा ऑफिसातल्या लोकांना भिंतीतून ऐकू आला. त्यांनी पोरीला जागा देऊ केली होती आणि पोरीने सरळ नको म्हणून सांगितलं होतं. कारण विचारलं तर म्हणाली, कारण काही नाही. मार्गो नुसती “माफ करा, माफ करा” करत राहिली आणि मग पलीकडून फोन आपटला गेला.

आता सांगा, या माजोरीला काय म्हणावं? नको होतं तर अर्ज कशाला करायचा? आजारी आहे म्हणायचं, लग्न ठरलंय म्हणायचं, कुणी नको म्हटलं होतं? वर्गात पहिली आली म्हणून काय डोक्यावर बसायचं सगळ्यांच्या? तळपायाची आग मस्तकात गेली आमच्या. प्राध्यापक तिला बघून रस्ता बदलायला लागले. कॅन्टीनमध्ये तिच्या टेबलावर कुणी बसेना. आम्हीही बसलो नाही. का बसावं?

शेवटी मार्गोने तिला बोलावून घेतलं. या वेळी बस म्हणाली नाही.

“तुझं मी सोडलं,” मार्गो म्हणाली. “यापुढे कुठल्याच जजकडे तुझं नाव काढणार नाही. तू तुझ्या कर्माने मेलीस. पण डेसाने काय घोडं मारलं होतं तुझं?”

डेसा होलब्रूक दुसऱ्या वर्षात होती. गुणी पोरगी, कुणाला उलटून बोलायची नाही. पुढच्या खेपेला प्रेस्कॉटांकडे तिलाच पाठवायचं मार्गोने कधीच ठरवून टाकलं होतं.

“कालपासून रडतेय ती,” मार्गो म्हणाली. “तिच्या तोंडचा घास काढलास तू.”

“जज नेमकं काय म्हणाले?” रेनाटाने विचारलं.

“काय म्हणणार? तुमच्या कॉलेजचं पोर पुन्हा माझ्या दारात दिसता कामा नये, म्हणाले. हातापाया पडले मी त्यांच्या. ऐकलं नाही.”

“म्हणजे डेसालाही घेणार नाहीत?”

“डेसा काय, कुणालाच नाही. ते त्या खुर्चीत आहेत तोवर इथल्या कुणालाही नाही. झालं तुझं समाधान?”

“झालं,” रेनाटा म्हणाली. “एवढ्यासाठीच केला होता अर्ज.”