काचेवरची वाफ

स्फाक्स शहराच्या जुन्या बाजारात हशमी उस्ताद तीस वर्षं यंत्रांचे पडदे दुरुस्त करत होते. त्या दुपारी वसीला नावाची मुलगी आपल्या आईच्या ऑक्सिजन यंत्राचा पडदा घेऊन आली. आकडे दिसेनासे झाले होते.

"आई सिलिंडरवर आहे, उस्ताद. जरा लवकर बघा ना."

"घाईत फडकं दाबलं की काच गेलीच समज, पोरी. बस, चहा घे."

उस्तादांनी पडद्याच्या तारा सोडवल्या. मऊ कापडावर स्पिरिटचे दोन थेंब घेऊन, अजिबात न दाबता, काच पुसली. ती लख्ख झाली आणि मधोमध नाण्याएवढा वाफेचा डाग उमटला, कुणी जवळून श्वास सोडल्यासारखा.

आपलाच श्वास असेल म्हणून त्यांनी तोंड बाजूला केलं. डाग विरला, पुन्हा उमटला. त्यांनी वरून पुसून पाहिलं, पण कापड कोरडंच राहिलं. वाफ आतल्या बाजूने येत होती.

"आई कशी आहे गं?" त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"शेजारीण बसलीय जवळ. आत्ताच फोन केला, शांत झोपलीय म्हणे."

डाग आता उशिरा येऊ लागला. उस्ताद मनात मोजू लागले. आधी सात, मग बारा, मग वीस.

"पोरी, घरी जा."

"आणि पडदा?"

"पळ म्हणतो ना!"

ती पेला तसाच टाकून धावली. उस्ताद काच उजेडात धरून मोजत राहिले. साठ झाले. शंभर झाले.

काच स्वच्छच राहिली.