आता आबा अडकत नाहीत

नव्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ दाबून, लहान करून साठवण्याची रीत कुंदनच्या जुन्या कम्प्युटरला उमगत नसे. गेल्या आठवड्यात असोद्याच्या शेवंताबाई नातीच्या लग्नाचा व्हिडिओ पाहायला त्याच्या स्टुडिओत आल्या, तेव्हा पंगतीत बट्टी वाढणारे त्यांचे यजमान उखर्डूआबा हसऱ्या चेहऱ्यानं मिनिटभर पडद्यावर तसेच अडकून राहिले होते. कुंदन ओशाळला. शेवटी त्यानं नवा कम्प्युटर आणला. त्याच्या प्रोसेसरला ही रीत जन्मतःच येत होती.

आज त्यानं शेवंताअक्कांना मुद्दाम बोलावलं. "आजही आबांना नाही आणलं? सांगा त्यांना, आता ते कुठंच अडकत नाहीत."

अक्का पडद्यासमोर बसल्या. पंगत आली. आबांनी झपझप बट्ट्या वाढल्या आणि ते पुढे निघून गेले. अक्कांनी तेवढंच तीनदा मागे घ्यायला लावलं.

"काही राहिलं का, अक्का?"

"नाही रे भाऊ. जुना कम्पुटर विकला का?"

"मागच्या खोलीत पडलाय. का?"

"त्याच्यावर लाव. लग्नाला महिना झाला नाही, तर असेच घाईघाईनं गेले हे. त्याच्यावर तरी जरा थांबले होते."