आवरून ठेवलं

"काका, एरर कुठाय?"

"बंद केला. सगळंच काढून टाकलं." शरच्चंद्रकाकांनी खुर्ची बाजूला सरकवून अवंतिकाला जागा करून दिली. "तू येणार म्हणून आवरून ठेवलं."

अवंतिकानं कपाळाला हात लावला. सकाळपासून हेच चाललं होतं. नवं सॉफ्टवेअर चढायला अर्धा तास लागायचा, शेवटी लाल अक्षरांत काहीतरी उमटायचं, आणि ते काय हे तिनं बघायच्या आत काका सगळं पुसून, टेबलसुद्धा झटकून, हाताची घडी घालून बसलेले. पाहुणा यायच्या आधी बैठकीतला पसारा उचलावा तसं. आता अशा माणसाला काय म्हणायचं? रागवावं तर बापाच्या वयाचा. न रागवावं तर आपलं काम पडून राहतं.

"काका, मी सांगितलं ना, लाल आलं की हात नका लावू. तसंच राहू द्या, मी बघते ना फिर."

"हो गं, पण ते तसं उघडं टाकून तुला बोलवायचं म्हणजे..." काकांनी वाक्य पुरं केलं नाही. ड्रॉवरमधून तीळगुळाच्या गजकचा पुडा काढून तिच्यापुढे ठेवला. "खा जरा. डोकं तापलंय तुझं."

उत्तरेतल्या त्या हिंदी शहरात, सिटी सेंटरमधल्या ऑफिसात मराठी बोलणारे हे दोघंच. काका ज्या जुन्या बिलिंगच्या प्रोग्रामवर काम करत, तो कंपनीनं नुकताच बंद केला होता. आज ज्याचा कॉम्प्युटर तयार होईल तो नव्या टीममध्ये. बाकीचे सोमवारपासून खाली, फोनवर ग्राहकांच्या शिव्या खायला. काकांचा कॉम्प्युटर लावून द्यायचं काम अवंतिकानं स्वतःहून मागून घेतलं होतं. या बाईसाहेबांना तेव्हा वाटलं होतं, त्यात काय मोठंसं.

जेवणाच्या सुट्टीआधी ती पुन्हा आली. स्क्रीन पुन्हा लख्ख.

"सवय गं," काका ओशाळं हसले. "हात आपोआप गेला."

नेमका तेव्हाच तरुण नावाचा त्यांचा मॅनेजर मागे येऊन उभा राहिला. "क्या हुआ, इनका हो गया?"

आणि अवंतिकाचा तोल गेला. तोंडाला आलं ते हिंदीत आलं, अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं. "इनसे नहीं होगा, सर. सुबह से एक ही बात बोल रही हूँ, समझते ही नहीं."

तरुण मान हलवून निघून गेला. काका कीबोर्डवरची नसलेली धूळ बोटानं पुसत राहिले. मराठीत बोलली असती तर घरातलं बोलणं झालं असतं. मुली बोलतात बापाला. हिंदीत बोलली, म्हणजे चारचौघांत बोलली. हे तिला जिना उतरतानाच कळलं, पण पाय मागे फिरले नाहीत.

जेवून ती वर आली तेव्हा काका जागेवरच होते. डबा उघडलेला नव्हता. दोन्ही हात मांडीवर, माउस लांब सरकवलेला. स्क्रीनवर लाल अक्षरं तशीच्या तशी होती.

तिनं वाकून वाचलं. साधी गोष्ट होती. सेटिंगची फाइल जुनी आहे, एवढंच ते म्हणत होतं. ती फाइल सकाळी अवंतिकानंच त्यांना पाठवली होती. घाईघाईत नव्याच्या जागी जुनी. काकांनी शंभर वेळा केलं असतं तरी ते चाललं नसतं.

ती तशीच तरुणच्या केबिनमध्ये गेली. "सर, फाइल मैंने गलत दी थी. पाँच मिनट दीजिए, उनका हो जाएगा."

"अब बोल रही हो?" तरुणनं मोबाइलवरून नजर काढली नाही. "नाम तो मैंने ऊपर भेज दिए. तुमने ही कहा था, इनसे नहीं होगा." मग जरा थांबून, "छोड़ो, फोन पर आराम रहेगा उन्हें."

अवंतिका परत आली आणि टेबलाच्या कडेला उभी राहिली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. "काका, चूक माझी होती. फाइल मीच चुकीची दिली. तुमचं सगळं बरोबर होतं." मग केबिनकडे बघत ती म्हणाली, "मी सांगून आले सरांना, पण ते म्हणतात, नावं गेली."

काकांनी समजल्यासारखी मान हलवली. गजकचा पुडा मघाशी तिनं हातही न लावता तसाच सोडला होता. तो त्यांनी उचलून ड्रॉवरमध्ये ठेवला. मग स्क्रीनवरच्या लाल अक्षरांकडे बोट दाखवलं. माउसला हात लावला नाही.

"अब बंद कर दूँ, मैडम?"